थॅलेसेमियाच्या मुलांसाठी निधी जमवायचाय, कार्यक्रम कोणता ठेवावा?

खाडीकाठ | २० नोव्हेंबर २०२३

नमस्कार मंडळी. आम्ही कल्याणला राहतो. सहा इमारतींची वसाहत, २१० घरं. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू सगळं दरवर्षी हौसेनं होतं. यंदा महिला मंडळाच्या बैठकीत ठरलं की एखादं काम वसाहतीबाहेरच्या कुणासाठी करायचं.

शेजारी उल्हासनगरात थॅलेसेमियाच्या (रक्तातलं हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार) मुलांसाठी झटणारी एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथे वसली आणि त्या समाजात हा आजार जास्त आढळतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. दोघीतिघी जाऊन आलो. एका खोलीत सात-आठ मुलं, हाताला रक्ताची पिशवी लावलेली, कुणी गृहपाठ करतंय, कुणी मोबाइलवर कार्टून बघतंय. महिन्यातून एक-दोनदा, जन्मभर. रक्ताचे पैसे त्यांच्याकडून घेत नाहीत. पण रक्त चढवताना लागणारा फिल्टर, शरीरात साचलेलं लोह उतरवायची औषधं आणि अधूनमधूनच्या तपासण्या यांना पैसे लागतात, आणि संस्थेची ओढाताण तिथे होते.

आमचं लक्ष्य दीड लाखाचं. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिवस, तेव्हा कार्यक्रम करावा असं मनात आहे. बैठकीत चार सूचना आल्या: ऑर्केस्ट्रा, नाटकाचा प्रयोग, धावण्याची स्पर्धा, खाद्यजत्रा. चारही बाजूंनी जोरदार भांडण झालं. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सांगा, काय ठेवावं?

तबकडी | २० नोव्हेंबर २०२३

आधी तारीख बदला. ८ मेला शाळांना सुटी, निम्मी वसाहत गावाला, उरलेली घामाने निथळतेय. त्यातून पुढच्या वर्षी लोकसभा. २०१९ मध्ये तुमच्याकडे एप्रिलच्या शेवटी मतदान होतं. आचारसंहिता लागली की मैदानाच्या आणि लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी खेटे घालत बसाल. जानेवारी-फेब्रुवारीतला रविवार धरा. दिनविशेष मुलांना औषध देत नाही, पैसे देतात.

हिशेबनीस | २० नोव्हेंबर २०२३

ऑर्केस्ट्रा नको, हे मी पोळलेल्या माणसासारखं सांगतोय. आमच्या तालुक्याच्या गावी २०१७ साली डायलिसिसच्या रुग्णांसाठी आम्ही ऑर्केस्ट्रा ठेवला. सभागृह भरलं, लोक नाचले, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. देणगी प्रवेशिकांचे १,८४,००० जमले. खर्च असा:

ऑर्केस्ट्रा ८५,०००
सभागृह, ध्वनी, जनरेटर ३८,०००
फलक आणि छपाई १७,०००
पाहुण्यांचा प्रवास, मुक्काम, शाल-श्रीफळ १२,०००

एकूण १,५२,०००. रुग्णांच्या हाती ३२,०००. तीन महिने बावीस माणसं राबली होती. ज्या बाईंनी एकटीने चाळीस प्रवेशिका खपवल्या त्यांना हा आकडा सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी विचारलं, 'मग मी लोकांना काय सांगून पैसे घेतले?'

तेव्हापासून आमच्याकडे एकच पद्धत. खर्चाचा पैसा प्रायोजकांकडून आधी उभा करायचा. तो उभा राहिला नाही तर कार्यक्रम रद्द. लोकांनी दिलेला रुपया खर्चाकडे वळवायचा नाही.

शेवगा | २१ नोव्हेंबर २०२३

हिशेबनीस यांचा अनुभव खरा असला तरी दोष ऑर्केस्ट्राचा नाही, स्मरणिका न काढल्याचा आहे. आम्ही डोंबिवलीत एका प्रयोगाचं कंत्राट घेतलं होतं. प्रयोगाचा खर्च स्मरणिकेतल्या जाहिरातींतून निघाला: शेवटचं पान सराफाचं, आतली पानं दवाखाने, क्लासवाले, पोळी-भाजी केंद्रं. दुकानदाराला तिकीट विकत घ्या म्हटलं की तो एक घेतो. अर्ध्या पानाची जाहिरात द्या म्हटलं की चहा पाजून देतो, कारण ती स्मरणिका घरोघरी जाते.

मात्र कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात रविवारची तारीख हवी असेल तर आत्ताच धावा. तुमच्या हाती दोन-अडीच महिने आहेत, तेवढ्यात तारीख मिळणं अवघड वाटतं.

गवतीचहा | २१ नोव्हेंबर २०२३

एक सरळ प्रश्न. २१० घरं, लक्ष्य दीड लाख. म्हणजे घरामागे साधारण ७१५ रुपये. संस्थेचा क्यूआर कोड वसाहतीच्या ग्रुपवर टाकला तर दोन दिवसांत काम होईल. कार्यक्रम हवाच कशाला?

हिशेबनीस | २१ नोव्हेंबर २०२३

@गवतीचहा, करून पाहिलंय. क्यूआर कोड टाकला, शंभरावर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं आली, पैसे अकरा जणांनी पाठवले. तीच माणसं, तोच ग्रुप. पुढच्या महिन्यात दोघादोघांच्या जोडीने पावतीपुस्तक घेऊन दारोदार गेलो तर नव्वदहून जास्त घरांनी दिले. दारात शेजारीण उभी असली की माणूस दोन प्रश्न विचारतो, उत्तर मिळालं की पाकीट आणायला आत जातो.

ओटावाकर | २१ नोव्हेंबर २०२३

धावण्याच्या स्पर्धेबद्दल लिहितो. इथे कॅनडात दर सप्टेंबरात टेरी फॉक्स रन होते. टेरी फॉक्स हा हाडाच्या कर्करोगाने उजवा पाय गेलेला तरुण. १२ एप्रिल १९८० ला त्याने न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून धावायला सुरुवात केली, कृत्रिम पायावर, रोज जवळपास एका मॅरेथॉनएवढं अंतर, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवत. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर थंडर बेजवळ थांबावं लागलं, कारण रोग फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, वय २२. त्याची इच्छा देशातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर मिळावा अशी होती.

माझी मुलगी पहिलीपासून ह्यात धावते. प्रवेश शुल्क नाही, वेळ मोजत नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. आजी काठी टेकत चालते, कुणी कुत्रा घेऊन येतं. मुलं आठवडाभर आधी शेजाऱ्यांकडे जाऊन सांगतात, मी धावणार आहे, तुम्ही काय द्याल? पैसा त्या विचारण्यातून येतो. तुमच्याकडे टी-शर्ट, पदकं, टाइमिंगची चिप यांच्या मागे लागलात तर हिशेबनीसांच्या ऑर्केस्ट्रासारखं होईल. मुंबईतही टाटा मेमोरियलमधल्या संशोधनासाठी ही रन झालेली आहे, त्यामुळे आपल्याकडे चालणार नाही असं म्हणू नका.

तबकडी | २२ नोव्हेंबर २०२३

कल्याणच्या रस्त्यावर दीडशे मुलं धावणार? ओटावाकर, तुम्ही आमच्या शिवाजी चौकात एकदा रस्ता ओलांडून दाखवा, मी एकटा पाच हजार देतो :)

मीठभाकर | २२ नोव्हेंबर २०२३

बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज लिहावंसं वाटलं. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे ह्या आजाराचा तीव्र प्रकार. आम्ही सिंधी नाही, कोकणातले मराठी. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा समाजांत प्रमाण जास्त आहे, पण म्हणून बाकीच्यांनी निर्धास्त राहू नये. मला गरोदरपणात हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. मी वाहक आहे, म्हणजे मला आजार नाही पण त्याचा दोष माझ्याकडून मुलाकडे जाऊ शकतो, हे कुणी तपासलं नाही. नवराही वाहक निघाला. आई-बाप दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक. आम्हाला हे ती आठ महिन्यांची असताना, पांढरीफटक पडल्यावर कळलं.

दर अठरा-वीस दिवसांनी रक्त. प्रत्येक पिशवीतून लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात, हृदयात साचतं. माझ्या ओळखीतल्या मोठ्या मुलांनी वर्षानुवर्षं रात्री पोटाला सुई टोचून पंप लावून झोप काढली आहे, आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. आता पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, त्या रोज घ्याव्या लागतात, एकही दिवस न चुकता. दर तीन महिन्यांनी फेरिटिन, म्हणजे शरीरात किती लोह साठलंय त्याची रक्ततपासणी. वर्षातून एकदा हृदयात किती लोह साचलंय ते बघायला एमआरआय. फिल्टर लावला नाही तर माझ्या मुलीला रक्त चढताना हुडहुडी भरून ताप येतो. फिल्टर लावला की ती पुस्तक वाचत बसते. खाडीकाठ ताई, फिल्टरला पैसे लागतात हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण आमच्या घरात त्या एका ओळीवर अख्खा दिवस कसा जाणार ते ठरतं.

आता विनंती. मुलांना मंचावर उभं करू नका. माझी मुलगी सहावीत असताना एका कार्यक्रमात तिला व्यासपीठावर बोलावून प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते औषधाचं खोकं दिलं. 'ह्या चिमुकलीचे प्राण वाचवा' असं निवेदक म्हणाले. फोटो फलकावर लागला, आमच्याच नाक्यावर. शाळेत मुली तिला विचारायला लागल्या, तू कधी मरणार? त्यानंतर तिने दोन महिने डबा एकटीनं खाल्ला. पैसे त्या दिवशी चांगले जमले असतील. पण ती परत कुठल्याही कार्यक्रमाला आली नाही आणि मी तिला आग्रह केला नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्याकडे दोनशे घरं आहेत म्हणजे लग्नाची मुलं-मुली, नवी जोडपी असतील. पैशाबरोबर वाहक तपासणी करा. एचपीएलसी नावाची रक्ततपासणी, आयुष्यात एकदाच करावी लागते. वाहक असणं हा आजार नाही, औषधही लागत नाही. फक्त दोन वाहकांनी मूल होऊ देताना डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर, एवढंच.

शेवगा | २२ नोव्हेंबर २०२३

मीठभाकर ताई, हे वाचून स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर मुलाचा फोटो छापायची माझी जुनी सूचना मी इथे लिहिण्याआधीच मागे घेतली. मुलीला शुभेच्छा.

गवतीचहा | २२ नोव्हेंबर २०२३

मीही माझा प्रश्न मागे घेते. क्यूआर कोड पाठवून तपासणी होणार नाही, त्यासाठी माणसं एकत्र यायलाच हवीत. आणि माझं लग्न मार्चमध्ये आहे. आम्ही दोघं ह्याच आठवड्यात एचपीएलसी करून घेतोय.

उभाआडवा | २३ नोव्हेंबर २०२३

ताई, पुढच्या भानगडी टाळायच्या तर कागदपत्रांचं बघा. वकिली पेशा आहे म्हणून लिहितो.

तुमचं महिला मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे जमवण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क ची परवानगी घ्या. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी काढतात तीच. नंतर हिशेब द्यावा लागतो. त्याहून सोपं म्हणजे देणगी थेट संस्थेच्या बँक खात्यात आणि पावती संस्थेच्या पुस्तकातून. तुम्ही फक्त हमाली करा. पैसा स्वतःच्या खात्यात, अध्यक्षांच्या नवऱ्याच्या खात्यात, कुठेही थांबू देऊ नका, एक रात्रसुद्धा.

८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट, हवी असणाऱ्यांना सांगा: दोन हजारांवरची रोख देणगी धरली जात नाही, वस्तुरूप देणगीही नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली त्यांना ही वजावटच नाही. पॅन घ्या, कारण संस्थेला देणग्यांचं विवरणपत्र भरून दात्याला १०-बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. खाद्यजत्रेच्या कुपनावर ८०जी मागू नका, त्या पैशाच्या बदल्यात त्याने मिसळ खाल्लेली असते.

आणि लकी ड्रॉ ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. शासनाच्या परवानगीशिवाय तिकीट विकून सोडत काढणं लॉटरीच्या कायद्यात अडकतं.

ओटावाकर | २३ नोव्हेंबर २०२३

मी इथून शंभर डॉलर पाठवले तर?

उभाआडवा | २३ नोव्हेंबर २०२३

तुमचा पासपोर्ट कोणता त्यावर आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगी, मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. छोट्या संस्थांकडे ही नोंदणी सहसा नसते. संस्थेला विचारल्याशिवाय पाठवू नका, अडचणीत ते येतील.

ओटावाकर | २३ नोव्हेंबर २०२३

कॅनडाचं नागरिकत्व आहे. मग आई कल्याणलाच आहे माझी, तिला सांगतो. तिच्या पेन्शनमधून ती तिला हवं तेवढं देईल.

संत्रानगरी | २४ नोव्हेंबर २०२३

नागपूरहून लिहून राहिलो. आमच्या विदर्भात सिकलसेल. थॅलेसेमियाची बहीणच म्हणा, हिमोग्लोबिनचाच दोष, आई-बापाकडून आलेला. केंद्र सरकारने ह्याच वर्षी १ जुलैला २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. पण पोरगं दुखण्याने तळमळते तेव्हा रात्री गाडी करून दवाखान्यात नेणं गावातल्या बापाच्या खिशातूनच होते. आमच्या गटाने त्या गाडीखर्चासाठी निधी केला. कार्यक्रम काहीच नाही. अंबिया बहाराची संत्री आली की चार बागाईतदारांकडून घाऊक भावात पेट्या घेतो, कॉलन्यांमधून नोंदणी करतो, रविवारी सकाळी घरपोच. मधला नफा निधीत. लोकांना ताजी संत्री मिळतात, कोणाकडे हात पसरावा लागत नाही. तीन वर्षं झाली. तुम्ही दिवाळीच्या फराळाचं किंवा आंब्याचं असं करू शकाल.

लाल पिशवी | २४ नोव्हेंबर २०२३

रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पैशांचं बोलणं चाललंय त्यात रक्ताचं विसरू नका. ऑगस्टमध्ये, नेत्यांच्या वाढदिवसांना इतकी शिबिरं होतात की पिशव्या ठेवायला जागा पुरत नाही. रक्तपेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात. मग एप्रिल-मे येतो, कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि थॅलेसेमियाच्या मुलाची आई आमच्या काचेबाहेर दोन तास उभी. तिला 'उद्या या' सांगणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम आहे.

८ मे हातचा सोडू नका. पैशांचा कार्यक्रम फेब्रुवारीत घ्या आणि ८ मेच्या आसपास रविवारी सकाळी रक्तदान ठेवा. पंचवीस-तीस दाते आले तरी खूप. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांनी तीन, बायकांनी चार महिन्यांचं अंतर ठेवायचं.

खाडीकाठ | २६ नोव्हेंबर २०२३

सगळे प्रतिसाद कालच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. मीठभाकर ताईंचं लिहिलेलं वाचताना मला मध्येच थांबावं लागलं, मग सी विंगच्या काकूंनी पुढचं वाचलं. ठरलंय ते असं: ११ फेब्रुवारीला, रविवारी, आवारातच खाद्यजत्रा. त्याच सकाळी क्लब हाउसमध्ये एचपीएलसी तपासणी. त्याआधी तीन आठवडे जोडीजोडीने दारोदार, पावत्या संस्थेच्या. मंच नाही, मुलांचे फोटो नाहीत, पाहुणे नाहीत. एका बिल्डरने मोठा फलक लावायच्या अटीवर वीस हजार देऊ केले होते. बराच वाद झाला, शेवटी नको म्हटलं. ऑर्केस्ट्राच्या बाजूचे काका अजून रुसलेत, पण त्यांच्याकडे साबुदाणावड्याचा स्टॉल दिलाय.

हिशेबनीस | २६ नोव्हेंबर २०२३

उत्तम. एक करा: स्टॉलवर रोख घेऊ देऊ नका. एकच गल्ला, तिथे कुपनं विकायची, स्टॉलवर फक्त कुपन चालेल. गल्ल्यावर वेगवेगळ्या इमारतींतले दोघे बसवा. संध्याकाळी विकलेली कुपनं आणि रक्कम जुळवून दोघांच्या सह्या घ्या, मगच जेवा. उरलेलं कुपन परत घेणार की नाही हे गल्ल्यावर मोठ्या अक्षरात लिहा, वाद तिथेच होतो.

खाडीकाठ | १८ फेब्रुवारी २०२४

कार्यक्रम झाला! हिशेब सूचनाफलकावर लावलाय, इथेही देते.

दारोदार देणग्या, थेट संस्थेच्या खात्यात: १,४६,५००
खाद्यजत्रेची कुपनं: ६१,२४०
खर्च: मांडव-खुर्च्या ९,८००, गॅस आणि किराणा १४,३५०, कुपनांची छपाई १,९००, सफाई कामगारांचं मानधन २,०००. एकूण २८,०५०.
जत्रेतून शिल्लक: ३३,१९०
मिळून: १,७९,६९०

हिशेबनीस, तुमचं निम्मंच पाळता आलं. खर्चासाठी प्रायोजक मिळाले नाहीत, तो कुपनांतून गेला, तसं फलकावर स्पष्ट लिहिलंय. पण दारात घेतलेल्या देणगीतला एक पैसाही खर्चाला लागला नाही.

दारोदार जाण्यानं जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. ई विंगमध्ये एका घरी आम्ही माहिती सांगायला लागलो तर त्या बाईंनी दार लावून घेतलं. वाईट वाटलं. रात्री त्या स्वतः माझ्याकडे आल्या. त्यांचा भाऊ लहानपणी ह्याच आजाराने गेला होता, अकरा वर्षं शेजारी राहून आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. जत्रेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर सकाळपासून त्याच बसल्या होत्या.

तपासणी ११२ जणांनी केली. कुणाचं काय आलं ते आम्हाला ठाऊक नाही आणि विचारणारही नाही, लॅबने बंद पाकिटं ज्याची त्याच्या हातात दिली. साबुदाणावडे साडेदहालाच संपले.

चूक एक झाली. उरलेल्या कुपनांबद्दल पाटी लावायची राहिली आणि हिशेबनीस म्हणाले होते तसाच तिथे वाद झाला. अठरा जणांना पैसे परत दिले, वरची रक्कम ते वजा करूनच आहे.

मीठभाकर | १८ फेब्रुवारी २०२४

ताई, लेकीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, खरंच कुणाला मंचावर नाही बोलावलं? मग म्हणाली, पुढच्या वर्षी तिथे वडे खायला जाऊया.

खाडीकाठ | १८ फेब्रुवारी २०२४

नक्की या, दोघी. पाहुण्या म्हणून नाही, आमच्या घरी.

लाल पिशवी | १९ फेब्रुवारी २०२४

मे महिन्याचं काय?

खाडीकाठ | १९ फेब्रुवारी २०२४

५ मे, रविवार, सकाळी ८ ते १२. एकतीस नावं आली आहेत. गावाला जाणाऱ्यांनी तिकडच्याच रक्तपेढीत देऊन पावतीचा फोटो पाठवायचा, असं ठरवतोय.

संत्रानगरी | १९ फेब्रुवारी २०२४

ताई, आम्ही १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनाला, कुपनवाली जत्रा करून पाहतो म्हणतो. कुपनाचा मसुदा आणि गल्ल्याचं सह्यांचं पान मिळेल का?

खाडीकाठ | १९ फेब्रुवारी २०२४

दोन्हींचे फोटो संपर्कातून पाठवते. न वापरलेली दहा-दहा रुपयांची चार पुस्तकं शिल्लक आहेत, वर फक्त 'खाद्यजत्रा' छापलंय, तारीख नाही. पत्ता कळवा, पोस्टाने टाकते.